राजाच्या सनदेवर शहराचा तट : मध्ययुगीन आयर्लंडात ‘म्युरेज’ मिळवायचं, वसूल करायचं आणि खर्चायचं कसं

आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात फेथर्ड नावाचं गाव आहे. गाव एवढंसं, पण तट बघावा तर सुमारे १,१०० मीटरचा, आणि त्यातला बहुतेक भाग आजही उभा. इतका शाबूत मध्ययुगीन तट आयर्लंडात दुसरीकडे नाही. एवढ्याशा गावाला हे परवडलं कसं? राजाने बांधून दिला म्हणावं, तर राजाकडून आलं होतं ते फक्त एक चर्मपत्र. साल १२९२, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड; आयर्लंडावर तेव्हा त्याचीच सत्ता. गावात विक्रीला येणाऱ्या मालावर ठरलेल्या दराने जकात घ्या आणि त्या पैशांतून तट बांधा, अशी ती सनद.

या जकातीला म्हणायचे ‘म्युरेज’. लॅटिनमध्ये ‘मुरुस’ म्हणजे भिंत, त्यावरून. इंग्लंडात ही पद्धत १२२० च्या सुमारास रुळली आणि लगेच समुद्र ओलांडून आली: डब्लिनला १२२१ मध्ये, वॉटरफर्डला १२२४ मध्ये, ड्रॉहेडाला १२३४ मध्ये. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला बंद झाली. तोवर मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना म्युरेज वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे जकात आणि वेस एकमेकींना पोसतात. वेशीवर पैसे गोळा होतात आणि त्याच पैशांतून वेस उभी राहते.

आता समजा तुम्ही १२९० च्या दशकात अशाच एका आयरिश शहराचे प्रमुख आहात. भोवती जेमतेम मातीचा बांध आणि लाकडी कुंपण आहे. तट हवाय. कुठून सुरुवात कराल?

पायरी १ : शहर कोणाचं ते आधी बघा

अर्ज लिहायच्या आधी हे ठरवा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. डब्लिन, वॉटरफर्ड, कॉर्क ही थेट राजाची शहरं. ती दरवर्षी राजाला ठोक रक्कम भरत आणि बाकीचा कारभार स्वतः बघत. डब्लिनची रक्कम होती वर्षाला २०० मार्क, वॉटरफर्डची १००, कॉर्कची ८०. मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं माप होतं. एक मार्क म्हणजे १६० पेनी (१२ पेनींचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड). म्हणजे डब्लिनचे वर्षाला १३३ पौंड ६ शिलिंग ८ पेनी झाले.

अशा शहरांना म्युरेजखेरीज आणखी एक वाट होती. राजाला सांगायचं की यंदाची ठोक रक्कम माफ करा, ती आम्ही तटावर घालतो. कॉर्कला १२१८ मध्ये तीन वर्षांसाठी अशी सूट मिळाली होती. जमलं तर हीच वाट धरा. व्यापारी बिथरत नाहीत आणि पैसा हातातच राहतो. पण राजा हे क्वचित करतो, कारण इथे त्याच्या खिशाला चाट बसते. म्युरेजमध्ये त्याचं काही जात नाही, म्हणून ते तो सढळ हाताने देतो.

बाकीची बरीच शहरं सरदारांची किंवा चर्चची. फेथर्ड कॅशेलच्या आर्चबिशपचं होतं, ट्रिम जेफ्री द जेनव्हिलचं, क्लॉनमेल ओटो द ग्रँडिसनचं. मालक कोणी का असेना, रस्त्यावरच्या मालावर नवी जकात बसवायचा अधिकार राजाचाच. तुमचा मालक स्वतःच्या मर्जीने ती बसवू शकत नाही. त्याने शब्द टाकला तर मात्र काम पटकन होतं.

पायरी २ : अर्ज, आणि तो नेणारा माणूस

अर्ज फ्रेंचमध्ये लिहितात आणि सनद लॅटिनमध्ये येते. तुमच्या बाजारात लोक बोलतात इंग्रजी नाहीतर आयरिश. त्यामुळे चांगला कारकून आधी गाठा.

अर्जात शहर गरीब आहे हे रडगाणं फार लांबवू नका. राजाला दोन गोष्टी ऐकायच्या असतात. एक, शहर पडलं तर त्याचं उत्पन्न बुडेल. दुसरी, शहर सीमेवर आहे आणि भोवतालचे आयरिश सरदार केव्हाही चालून येऊ शकतात. दोन्ही खरं असलं तर उत्तमच, आणि आयर्लंडात ते बहुधा खरं असायचंच.

अर्ज कोण नेतो याला अर्जातल्या मजकुराहून जास्त वजन. क्लॉनमेलला १२९८ मध्ये म्युरेज मिळालं. तिथला मालक ग्रँडिसन म्हणजे एडवर्डचा तरुणपणापासूनचा सोबती, त्याच्याबरोबर धर्मयुद्धावर जाऊन आलेला. असा माणूस दरबारात उभा असेल तर सनदेला किती वेळ लागणार? तुमच्याकडे ग्रँडिसन नसेल तर डब्लिनला राजाच्या प्रतिनिधीकडे, म्हणजे जस्टिशियरकडे जा. आयर्लंडची स्वतःची चान्सरी, म्हणजे राजाच्या नावाने पत्रं काढणारी कचेरी, १२३२ पासून होती, तिथूनही मोहोरबंद पत्रं निघत. राजा आज वेल्समध्ये, उद्या स्कॉटलंडच्या मोहिमेवर, परवा फ्रान्समधल्या गॅस्कनीत. त्याच्या मागे धावण्यापेक्षा डब्लिन बरं. मोहोर उमटवायचं शुल्क बरोबर न्यायला विसरू नका.

पायरी ३ : सनद हाती आली की तीन ओळी शोधा

सनद उघडी असते. दुमडून बंद केलेलं पत्र नव्हे, कोणालाही दाखवता येईल असं, खाली राजमुद्रा लटकणारं चर्मपत्र. ते दाखवण्यासाठीच आहे. जकात न देणाऱ्या व्यापाऱ्यासमोर हेच धरायचं असतं.

पहिली ओळ पैशाच्या उपयोगाची: शहराला तट घालण्यासाठी मदत म्हणून. म्हणजे रस्त्याच्या फरसबंदीला हा पैसा लावता येणार नाही. त्यासाठी ‘पेव्हेज’, पुलासाठी ‘पॉन्टेज’, अशा वेगळ्या सनदा असत.

दुसरी ओळ मुदतीची. तीन, पाच, सात, दहा वर्षं. पुढच्या शतकांत मुदती लांबत गेल्या, पण तेराव्या शतकात तुम्हाला थोडकंच मिळेल.

तिसरी ओळ लोक वाचत नाहीत आणि मग फसतात: मुदत संपताच ही जकात पूर्णपणे थांबावी आणि रद्द व्हावी. भिंत अर्धी असो की पूर्ण, तारीख उलटली की वेशीवरचा तुमचा माणूस बेकायदा वसुली करतोय असाच अर्थ निघतो.

पायरी ४ : दराची यादी

सनदेचा मोठा भाग ही यादीच असते, आणि मला सगळ्यात रस इथेच वाटतो. कारण तटाची यादी वाचता वाचता अख्खा बाजार डोळ्यांसमोर उभा राहतो. दारूचे पिंप, मिठाचं पोतं, लोकरीचा गठ्ठा, कातड्यांचा ढीग. घोडा, बैल, गाय यांचा एक दर, मेंढ्या-डुकरांचा दर काही नगांमागे. हेरिंग आणि सामन मासे. लोखंड, शिसं, मध, मेण. कापड रंगवायचा निळा रंग. कोल्ह्याची आणि खारीची कातडी. जात्याचे दगड, फळ्या, कांदे, लसूण. आणि शेवटी एक झोळी: यादीत नाव नाही पण ठरावीक किमतीच्या वरचा आहे, अशा कुठल्याही मालावर पाव पेनी.

दर बारीक असतात. पाव पेनी, अर्धी पेनी, एक पेनी. मोठ्या मालावर काही पेनी. सुटे नसतील तर? पूर्वी चांदीची पेनी सरळ कात्रीने कापत. नाण्याच्या मागच्या बाजूला कडेपर्यंत गेलेला लांब क्रूस असे, त्या रेषेवर एकदा कापली की अर्धी, दोनदा कापली की पाव. पण १२८० च्या सुमारास अर्ध्या आणि पाव पेनीची गोल नाणी निघाली, त्यामुळे तुमच्या वसुलीच्या पेटीत असे तुकडे क्वचितच निघतील.

हे दर मनाने वाढवू नका. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात म्युरेजचं नाव घेऊन लिहिलं आहे की सनदेपेक्षा जास्त घेणाऱ्या शहराची सनद कायमची जाईल, वर दंडही होईल. हा कायदा १२८५ मध्ये आयर्लंडालाही लागू झाला.

आणखी एक घोळ टाळा. १२७५ पासूनच राजाने निर्यातीवर स्वतःची मोठी जकात बसवली होती: लोकरीच्या गठ्ठ्याला ६ शिलिंग ८ पेनी, कातड्यांच्या ‘लास्ट’ या मोठ्या मापाला १३ शिलिंग ४ पेनी. ती बंदरात घेतात, ती राजाच्या पेटीत जाते, आणि सुरुवातीला ती इटलीतल्या लुक्का शहरचे रिकार्डी सावकार गोळा करत. तिच्या हिशेबात म्युरेजची एक पेनीही मिसळता कामा नये. दोन पेट्या, दोन वह्या.

पायरी ५ : वेशीवर माणूस बसवा

आता खरं काम. भिंतीत खिंडारं असली तरी वेस आधी बांधा. युद्धाचा विचार करणाऱ्याला हे उलटं वाटेल. पण वेस नसेल तर गाड्या कुठूनही आत येतात आणि जकात बुडते. बाकी परीघ सध्या खंदक, मातीचा बांध आणि लाकडाचं कुंपण यांवर निभावून न्या. शत्रूला ते फार वेळ अडवणार नाही, पण बैलगाडीला नक्की अडवतं.

बाजाराचा दिवस आणि वार्षिक जत्रा, कमाई यांतच आहे. बंदर असेल तर धक्क्यावरही एक माणूस लागेल. दोघांपेक्षा कमी जकातदार ठेवू नका. एकटा असला की हातमिळवणी होते, दोघे असले की निदान भांडण तरी होतं.

ढोबळ हिशेब करू. आकडे माझे आहेत, अंदाज यावा म्हणून घेतलेले. समजा दर बाजाराला ४० भरलेल्या गाड्या येतात आणि सरासरी गाडीमागे अर्धी पेनी पडते. २० पेनी झाले. ५२ आठवड्यांचे १,०४० पेनी, म्हणजे ४ पौंड ६ शिलिंग ८ पेनी. गवंडी रोज ४ पेनी घेतो आणि चार मजूर दीड-दीड पेनी घेतात असं धरलं तर टोळीचा रोजचा खर्च १० पेनी. वर्षाची सगळी वसुली १०४ दिवसांत संपली. दगड, चुना, वाळू, वाहतूक यांचे पैसे अजून दिलेलेच नाहीत. आता १,१०० मीटर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे तट बांधायला पिढ्या का लागल्या ते कळेल.

पायरी ६ : जे देणार नाहीत त्यांचं काय

सगळ्यात डोकेदुखी इथे आहे. राजाने एका हाताने तुम्हाला जकात घ्यायची सनद दिली आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्या शहरांना जकातमाफीची. मोठ्या शहरांचे व्यापारी खिशात आपली सनद घेऊनच फिरतात. तुमची राजमुद्रा आणि त्यांची राजमुद्रा समोरासमोर आली की वेशीवर अर्धा दिवस वाद चालतो, मागे गाड्यांची रांग लागते, आणि मासे असतील तर वासही सुटतो. कोणाची सनद जुनी, ते बघा. तरी वाद मिटत नसेल तर ओलीस म्हणून थोडा माल ठेवून घ्या आणि प्रकरण न्यायालयात जाऊ द्या.

बंदरांना मोठा फटका १३०३ मध्ये बसला. १ फेब्रुवारीला एडवर्डने परदेशी व्यापाऱ्यांना मोठी सनद दिली: आमच्या निर्यात जकातीत भर घाला, बदल्यात म्युरेज, पॉन्टेज, पेव्हेज तुम्हाला माफ. हिशेब नीट बघा. वाढीव पैसा राजाला आणि बुडालेला पैसा शहराचा. इतकी सफाईदार चलाखी मी तरी दुसरीकडे फारशी वाचलेली नाही.

आणि जे व्यापारी कटकट न करता सरळ पुढच्या शहरात जातात, त्यांना विसरू नका. शेजारच्या शहरात म्युरेज नसेल तर तुमची जकात म्हणजे त्यांच्या बाजाराची जाहिरात. ड्रॉहेडात तर हे एका नदीच्या दोन काठांवर होतं. बॉइन नदीच्या अलीकडे एक शहर, पलीकडे दुसरं, दोघांचे कारभार वेगळे. १४१२ मध्ये ती एक झाली. त्याआधी तिथे जकातीवरून किती कुरबुरी झाल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी.

पायरी ७ : खर्च

चुना आधी, दगड नंतर. चुनखडी बहुतेक भागात जवळच मिळते, पण ती भट्टीत भाजायला लाकूड लागतं आणि लाकूड स्वस्त नसतं. दोन बाजूंना घडवलेले दगड लावायचे, मधे दगडगोट्यांचा भराव आणि चुना ओतायचा. थंडीत चुना धरत नाही, तेव्हा काम बंद ठेवा आणि उघडा माथा गवताने झाका.

संकट दारात आलं तर मात्र सगळे नियम बाजूला पडतात. १३१७ मध्ये एडवर्ड ब्रूसची स्कॉटिश फौज डब्लिनजवळ आली. महापौर रॉबर्ट द नॉटिंगहॅम आणि नागरिकांनी तटाबाहेरची उपनगरं स्वतःच पेटवली, नदीपलीकडचा डॉमिनिकन मठ पाडला आणि त्याच्या दगडांनी नदीकाठची भिंत उभी केली. ब्रूस मागे फिरला. मग मठाच्या भरपाईचं झेंगट मागे लागलं ते वेगळं.

पायरी ८ : हिशेब द्या, नाहीतर

किती जमलं, कोणाकडून, कशावर गेलं, हे लिहून डब्लिनच्या एक्सचेकरसमोर, म्हणजे राजाच्या हिशेबखात्यासमोर, मांडावं लागतं. पुढे पुढे काही शहरांनी स्थानिक सरदार किंवा बिशपसमोर हिशेब द्यायची सवलत मिळवली. ती मिळाली तर घ्या. डब्लिनचा प्रवास महाग आणि वाट धोक्याची.

पैसा कसा मुरतो याचं उदाहरण डब्लिनचंच आहे. जेफ्री द मॉर्टन, व्यापारी, जहाजांचा मालक, १३०३ चा महापौर. तटाच्या दुरुस्तीसाठी म्युरेज गोळा करायचा अधिकार त्याने पुढे मिळवला. नागरिकांची तक्रार अशी की पैसा गोळा झाला, पण भिंतीला लागला नाही; उलट स्वतःच्या बांधकामासाठी त्याने भिंतीचंच नुकसान केलं. तटाच्या निधीतून घर बांधायचं आणि घरासाठी तट फोडायचा. हे वाचताना ज्याला आपल्याकडचं कोणीच आठवणार नाही, तो भाग्यवान. तुमच्या शहरात हे टाळायचं असेल तर वसुली आणि खर्च एका माणसाच्या हातात देऊ नका, आणि पेटीला दोन कुलुपं लावा.

सनद मिळालीच नाही किंवा पैसा पुरला नाही तर

न्यू रॉसचं बघा. १२६५ मध्ये मॉरिस फिट्झजेराल्ड आणि वॉल्टर द बर्ग या दोन बड्या सरदारांत लढाई जुंपली. शहराला तट नव्हता. रोजंदारीवर माणसं लावून बघितली, काम पुढे सरकेना. मग शहराने ठरवलं, खंदक आपणच खणायचा, धंद्याप्रमाणे वार वाटून. सोमवारी दारूवाले आणि कापडवाले, मंगळवारी शिंपी, बुधवारी चांभार आणि खाटीक, आणि असंच पुढे. झेंडे घेऊन, गात-वाजवत जात. रविवारी बायका दगड वाहून आणत. यावर त्या काळी फ्रेंच भाषेत एक कविता लिहिली गेली, तिचं हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कवीने अगदी तपशीलही दिला आहे की एका वेशीला बायकांचं नाव मिळणार आणि बायकांची कळ काढणाऱ्याला तिथल्याच कोठडीत टाकणार. कवितेतला आकडा शब्दशः घेऊ नका, खंदक २० फूट खोल म्हणतो. पण वारांची वाटणी मला खरी वाटते, कवी असल्या गोष्टी कल्पनेने रचत नाहीत.

अथेनरीची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना १३१० मध्ये म्युरेज होतंच. १० ऑगस्ट १३१६ ला शहराबाहेर मोठी लढाई झाली, आयरिश फौज हरली, आणि मेलेल्यांची शस्त्रं-चिलखतं विकून तटाचं काम झालं असं तिथे परंपरेने सांगतात.

आज याचा माग काढायचा असेल

आयरिश चान्सरीच्या मूळ नोंदी ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्याबरोबर जळाल्या. पण लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात राजाच्या नोंदवह्या आहेत, आणि ट्रिनिटी कॉलेजच्या अभ्यासकांनी उरल्यासुरल्या नकलांवरून आयरिश पत्रांची यादी पुन्हा जुळवून ऑनलाइन ठेवली आहे. शहराचं नाव टाका, म्युरेज शोधा, मुदत बघा. दोन सनदांमधली रिकामी वर्षं जास्त बोलकी असतात.

प्रत्यक्ष बघायचं तर डब्लिनमध्ये कुक स्ट्रीटवरची सेंट ऑडोएन्सची वेस, ड्रॉहेडात सेंट लॉरेन्स गेट, ट्रिममध्ये शीप गेट, किल्केनीत ब्लॅक फ्रीअर्स गेट. डेरीचा तट बघून ‘मध्ययुगीन’ म्हणू नका. तो १६१३ ते १६१९ चा आणि लंडनच्या व्यापारी मंडळींच्या पैशाचा, त्याचा म्युरेजशी संबंध नाही.

पायरी ९ : मुदत संपायच्या आधी पुन्हा अर्ज

मुदतीच्या शेवटच्या वर्षात वाट बघत बसू नका. एक वर्ष हातात ठेवून कारकून गाठा, आणि भिंत किती झाली हे सांगायच्या आधी किती राहिली ते सांगा. फेथर्डने तेच केलं असणार. पहिल्या सनदेनंतर ८४ वर्षांनी, १३७६ मध्ये, तिसऱ्या एडवर्डकडून त्यांना दगडी तटासाठी पुन्हा म्युरेज मिळालं. तोवर पहिल्या सनदेच्या वेळी वेशीवर बसलेल्या जकातदारांची नातवंडंसुद्धा म्हातारी झाली असतील.